दोन तोळे, तीन मासे, दोन गुंजा

मामांनी घमेलं पुढे केलं. आत तपकिरी, ओलसर गाळ होता. चहा गाळल्यावर गाळणीत चोथा राहतो तसा. "बघून घे," ते म्हणाले, "ह्याच्याहून चोख सोनं तुला बघायला मिळायचं न्हाई."

मी वाकून पाहिलं. चमक नाही, पिवळेपणा नाही. तासा-दीड तासापूर्वी या गाळाच्या जागी बांगड्यांचे तुकडे होते, एकाच कानातली फुली होती, तुटलेली साखळी होती आणि कुणाच्या तरी अंगठीचा अर्धा वेढा होता. मामांनी त्या मोडीत चांदी घालून रस केला. बादलीभर पाण्यात त्या रसाची बारीक धार सोडली, तेव्हा चर्र आवाज होऊन त्याचे दाणे झाले. ते दाणे नायट्रिक ॲसिडमध्ये उकळले. चांदी आणि तांबं विरघळून गेलं. त्या ॲसिडचं सोन्यापुढे काही चालत नाही, म्हणून सोनं तेवढं तळाशी बसलं.

गाळ धुतला, वाळवला, मुशीत घातला, वर टाकणखाराची चिमूट टाकली. भट्टीतून मूस बाहेर आली तेव्हा आत एक थेंब डुचमळत होता. त्याला किंचित हिरवट झाक होती. तो निवला आणि मग मात्र आपण ज्याला सोनं म्हणतो तसा दिसू लागला. मामांनी चिमट्याने तो काट्यावर ठेवला, आकडा वहीत लिहिला आणि मुशीच्या कडेला लागलेला कणही खरवडून घेतला.

माझं आजोळ सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यात घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात आहेत. पाऊस भरवशाचा नव्हता, कोरडवाहू रानात पोट भागत नव्हतं, म्हणून माणसं बाहेर पडली. जुनं सोनं गाळून चोख करून द्यायचं काम शिकली आणि देशभरच्या सराफ पेठांच्या मागच्या बोळांत जाऊन बसली. दक्षिणेतल्या एखाद्या शहरात सोनारांच्या गल्लीत शिरावं आणि एखाद्या अंधाऱ्या खोलीतून 'आरं, भट्टी बघ की' असं ऐकू यावं, हा अनुभव मी दोन-तीनदा घेतला आहे. मामा वयाच्या सोळाव्या वर्षी कोइमतूरला गेले. आज सत्तरी ओलांडली, दुकान मुलगा बघतो, तरी मूस उतरवायची वेळ आली की ते उठून भट्टीपाशी जातात.

दाणे उकळताना तांबूस धूर उठतो. एखाद्या गावाची भरभराट सांगताना आपण तिथे सोन्याचा धूर निघत होता असं म्हणतो. मामांच्या छातीत पन्नास वर्षांचा सोन्याचा धूर आहे. खोकला लागला की पाच-पाच मिनिटं थांबत नाही. आता दुकानात धूर ओढून घेणारा पंखा बसवला आहे. मामांच्या उमेदीच्या काळात तो नव्हता. इतरांच्या अंगावरचं सोनं उजळावं म्हणून या माणसांनी आपली फुप्फुसं खर्ची घातली, हे सराफाच्या काचेच्या दुकानात बसून दागिने पसंत करताना आपल्याला दिसत नाही. म्हणून ते इथे आधी लिहिलं.

मी त्यांच्याकडे गेले होते ती एक हिशोब घेऊन. जगात एकूण सोनं किती, आणि सगळ्यांना सारखं वाटलं तर एकेकाच्या वाट्याला किती येईल?

हा हिशोब सोन्याचाच करता येतो, कारण सोनं गंजत नाही, कुजत नाही, जळून राख होत नाही. माणसाने गेल्या सहा-सात हजार वर्षांत जमिनीतून काढलेलं जवळपास सगळं सोनं आजही या ना त्या रूपात शिल्लक आहे. वर्ल्ड गोल्ड कौन्सिल ही संस्था त्याचा अंदाज बांधते. २०२४ च्या अखेरीस तो आकडा होता २,१६,२६५ टन. शेवटच्या पाच टनांपर्यंतचा हा नेमकेपणा वाचून कुणी फसू नये. फॅरोच्या काळातल्या खाणींच्या वह्या कुणाकडे नाहीत. पण या सोन्यापैकी दोन तृतीयांश १९५० नंतरच खणलेलं आहे आणि त्याची नोंद आहे, त्यामुळे अंदाज फार चुकत नाही.

दोन लाख सोळा हजार टन म्हणजे फार वाटतं. पण सोनं जड असतं. पाण्याच्या एकोणीसपट. हे सगळं सोनं वितळवून एकच चौकोनी ठोकळा केला तर त्याची प्रत्येक बाजू साधारण २२ मीटर भरेल. सात मजली इमारतीएवढी उंची, तेवढीच लांबी, तेवढीच रुंदी. तालुक्याच्या शाळेच्या मैदानात एका कोपऱ्यात तो उभा करता येईल आणि उरलेल्या मैदानात मुलांचा खो-खो चालू राहील. तुतनखामेनची शवपेटी, वेनिसच्या मोहरा, इंकांची लुटलेली दौलत, अमेरिकेच्या तळघरातल्या विटा, तिरुपतीचे मुकुट आणि तुमच्या आजीची नथ, सगळं त्या एका ठोकळ्यात.

पोलादाशी ताडून पाहिलं तर हे जास्त नीट कळतं. जगात वर्षाला सुमारे १८८ कोटी टन पोलाद तयार होतं. त्याचा तासाचा हिशोब काढला तर सव्वादोन लाख टनांच्या जरासाच आत भरतो. माणसाने आजवर जेवढं सोनं गोळा केलं तेवढं पोलाद जग दर तासाला ओततं.

आता वाटणी. २०२४ साली जगाची लोकसंख्या सुमारे ८१६ कोटी. भागाकार केला की दर माणशी साडेसव्वीस ग्रॅम येतात. त्या सोन्याचा ठोकळा केला तर बाजू एक सेंटीमीटरहून थोडी जास्त, लहानशा चौकोनी फाशाएवढा.

मामांना ग्रॅम सांगितले तर ते क्षणभर थांबले. ओठ हलले. "जुन्या मापानं दोन तोळे, तीन मासे, दोन गुंजा," ते म्हणाले. मी मोबाइलवर करून पाहिलं. तोळा ११.६६ ग्रॅमचा, तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. बरोबर होतं. हल्ली पेठेत तोळा म्हटलं की सरळ दहा ग्रॅम धरतात, मासे आणि गुंजा तर वहीतूनही गेल्या. पण मामांनी पहिली दहा वर्षं लालबुंद गुंजांच्या बियांवरच वजनं केली होती, आणि त्यांच्या बोटांना अजून तेच माप कळतं.

दहा ग्रॅमला लाख रुपयांचा आकडा सोन्याने २०२५ मध्ये ओलांडला. लाखाचाच भाव धरला तरी हा वाटा दोन लाख पासष्ट हजारांचा होतो.

या हिशोबातली एक गोष्ट मला अनपेक्षित होती. १९५० च्या सुमारास जगात आजच्या एक तृतीयांश, म्हणजे सत्तर-बहात्तर हजार टन सोनं असणार. माणसं तेव्हा अडीचशे कोटी. वाट्याला अठ्ठावीस-एकोणतीस ग्रॅम. पंचाहत्तर वर्षांत माणसाने डोंगर फोडले, चार-चार किलोमीटर खोल विहिरी खणल्या, नद्यांत पारा ओतला, आधीच्या साऱ्या इतिहासात मिळून काढलं त्याच्या दुप्पट सोनं काढलं, आणि माणशी वाटा होता तिथेच राहिला. उलट थोडा उतरलाच. घरात जेवढी भाकरी वाढली तेवढीच तोंडंही वाढली.

आणि नवं सोनं मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे. पृथ्वीच्या कवचात सोनं अब्जभागांत तीन-चार भाग एवढंच आहे. ते इथे तयारही झालेलं नाही. ताऱ्यांच्या मरणातून, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून अशी जड मूलद्रव्यं जन्मतात. ऑगस्ट २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी अशी एक टक्कर प्रत्यक्ष टिपली. पृथ्वी बनताना तिच्या वाट्याला आलेलं बहुतेक सोनं लोखंडाबरोबर गाभ्यात बुडालं, तिथवर कुणाचा हात पोचणार नाही. समुद्रातही सोनं आहे. पहिल्या महायुद्धाची खंडणी फेडण्यासाठी ते काढता येईल म्हणून जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९२० च्या दशकात कित्येक वर्षं घालवली. शेवटी कळलं, त्यांनी धरलं होतं त्याच्या मानाने प्रमाण नगण्य आहे. आजच्या मोजणीनुसार दहा कोटी टन समुद्राच्या पाण्यात एक ग्रॅम.

सोनं मिळणं अवघड होत जाण्याचं जवळचं उदाहरण म्हणजे आपल्याकडची कोलार खाण. १८८० मध्ये जॉन टेलर कंपनीने काम सुरू केलं. शिवनसमुद्रम्‌च्या धबधब्यावरची वीज १९०२ मध्ये तिथे आली, देशातल्या बहुतेक शहरांत दिवा लागण्याआधी. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, तिथला खडक हाताला चटके देण्याइतका तापलेला असे. शंभर-सव्वाशे वर्षं तमिळ-तेलुगू मजुरांच्या पिढ्या त्यात उतरल्या. सुरुवातीला टनभर दगडामागे चाळीसच्या वर ग्रॅम मिळत, शेवटी तीन-चार ग्रॅमवर आलं. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. गावाभोवती सायनाइडच्या मातीचे डोंगर उभे आहेत, वारा सुटला की ती माती घरांत येते. एवढं सगळं होऊन कोलारने दिलेलं एकूण सोनं आठशे टन. आणि २०२४ या एका वर्षात भारतातली सोन्याची मागणी होती ८०२ टन. रायचूर जिल्ह्यात हट्टीची खाण अजून चालू आहे, ती वर्षाला दीड टनाच्या आसपास देते. बाकी बहुतेक नवं सोनं परदेशातून येतं.

परदेशातून येणं नवं नाही. रोमच्या प्लिनीने पहिल्या शतकात तक्रार लिहून ठेवली आहे की भारत दरवर्षी रोमन साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. आपल्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात वेनिसची मोहर. १२८४ पासून १७९७ पर्यंत वेनिसने साडेतीन ग्रॅम वजनाचं, जवळपास चोख सोन्याचं ते नाणं पाडलं. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला शासक कोरलेला असे. आपल्या बायकांनी त्या दोन आकृत्या पाहिल्या, त्यांना पुतळ्या म्हटलं, छिद्र पाडून गळ्यात ओवल्या. पुढे आपल्या सोनारांनी तशाच पुतळ्या स्वतः घडवल्या आणि त्यांवर देवदेवता आल्या. मला ही गोष्ट फार आवडते. कुठलं बंदर, कुठला दर्यावर्दी, आणि त्या सोन्याचा मुक्काम शेवटी पैठणच्या किंवा वाईच्या कुणा बाईच्या छातीवर.

साडेसव्वीस ग्रॅम हा आकडा सगळ्या सोन्याचा झाला. पण सगळं सोनं अंगावर नसतं. २०२४ अखेरचा हिशोब असा: दागिन्यांत ९७,१४९ टन, लगडी, नाणी आणि त्यांच्यावर चालणाऱ्या फंडांत ४८,६३४ टन, देशोदेशींच्या मध्यवर्ती बँकांत ३७,७५५ टन, उरलेलं यंत्रांत, दातांत, विजेच्या वस्तूंत आणि इतरत्र. दागिन्यांचा आकडा माणसांत वाटला तर किती येतं? बारा ग्रॅमला थोडं कमी. जुना एक तोळा, पुरा, वर दोन गुंजा. सगळ्या जगातल्या माणसांच्या अंगावरचं सोनं सारखं वाटलं तर प्रत्येकाला एक तोळा. हे उत्तर निघालं तेव्हा मी वहीवरून पेन उचललं आणि तशीच बसून राहिले. एवढ्या गणितातून आपल्या आजीच्या तोंडचं माप निघेल असं वाटलं नव्हतं.

बँकांचं सोनं म्हणजे सरकारांचं. अमेरिकेकडे ८,१३३ टन, म्हणजे तिथल्या सरकारच्या कपाटातच दर नागरिकामागे चोवीस ग्रॅम. स्वित्झर्लंडकडे १,०४० टन. माणसं नव्वद लाख, म्हणून माणशी दहा तोळे. भारतीय रिझर्व्ह बँकेकडे २०२५ मध्ये ८८० टनांच्या आसपास. दर भारतीयामागे सहा दशांश ग्रॅम. पाच गुंजा.

त्यातलंही काही परदेशात ठेवलेलं आहे. १९९१ साली परकीय चलन पंधरा-वीस दिवसांपुरतंच उरलं तेव्हा आधी वीस टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेला परतफेडीच्या करारावर विकलं, मग जुलैमध्ये ४६.९१ टन मुंबईहून विमानाने बाहेर नेऊन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं आणि चाळीस कोटी डॉलर उभे केले. देशभर हळहळ झाली. मी तेव्हा कॉलेजात होते. स्टाफरूममधले प्राध्यापक वर्तमानपत्र हातात घेऊन अब्रू गेल्यासारखे बोलत होते. आमच्या गल्लीतल्या बायकांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पेरणी आली की सोनं गहाण टाकायचं, सुगी झाली की सोडवायचं, हे त्या करतच आल्या होत्या. देशाने तेच केलं आणि देशाने ते सोडवलंही. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून दोनशे टन विकत घेतलं, आणि २०२४ मध्ये इंग्लंडच्या तिजोरीतून शंभर टन परत मायदेशी आणलं.

आता या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी बेरीज.

भारतीयांना सोन्याचं वेड आहे, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. अर्थतज्ज्ञ बोलतात, अर्थमंत्री बोलतात, आणि घरातले पुरुष तर बोलतातच. भारतातल्या घरांत सुमारे २५,००० टन सोनं असल्याचा अंदाज आहे, आणि तो आकडा नेहमी डोळे विस्फारून सांगितला जातो. जगातला सगळ्यात मोठा खाजगी साठा! पण माणसंही आपलीच सगळ्यात जास्त आहेत. पंचवीस हजार टन १४५ कोटींत वाटा. माणशी सव्वासतरा ग्रॅम. आणि जगातलं खाजगी सोनं, म्हणजे दागिने, लगडी, नाणी मिळून, ८१६ कोटींत वाटलं तर माणशी जवळपास अठरा ग्रॅम. जग दीड तोळ्याला किंचित वर, आपण दीड तोळ्याला किंचित खाली.

हेच ते वेड. जगाच्या सरासरीइतकं. सरकारी साठा मिळवला तर सरासरीच्या पुष्कळच खाली.

मला हे ठासून सांगायचं आहे, कारण या वेडाच्या नावाखाली आपल्याकडे कायदे झाले आहेत. चीनबरोबरच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. चौदा कॅरटच्या सोन्याला आपल्या नाजूक घडणीची सवय नव्हती आणि गिऱ्हाइकाचा त्यावर विश्वास नव्हता. लाखो सोनारांच्या हातचं काम गेलं. काही जणांनी आत्महत्या केल्या. १९६८ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत टिकला. सोन्याची हौस त्याने कमी झाली नाही, तस्करी तेवढी वाढली. मामा याच काळात गलाईत आले. जुन्या सोन्याच्या मोडीशिवाय सोनाराकडे कामच नव्हतं, त्यामुळे गाळणाऱ्याला मात्र काम होतं, असं ते सांगतात. सांगताना त्यांना त्याचं समाधान वाटत नाही. त्यांच्या शेजारच्या दुकानातला पिढीजात सोनार त्या दिवसांत भाजी विकायला लागला होता.

वेड कुणाला म्हणायचं? ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही, घराच्या उताऱ्यावर नाही, बँकेच्या पासबुकावर अलीकडे कुठे आलं, तिने गळ्यात दोन तोळे जपले तर ते वेड? कायद्याने तरी ते तिचं आहे. स्त्रीधनावर बायकोचीच पूर्ण मालकी, नवरा फार तर राखणदार, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. आणि प्राप्तिकर खात्याची १९९४ ची सूचना आहे: धाड पडली तर विवाहितेकडचे पाचशे ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अविवाहितेकडचे अडीचशे, पुरुषाकडचे शंभर. पाचशे ग्रॅम! ते धोरण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ज्या बायका होत्या त्या आमच्या गल्लीत राहत नव्हत्या. सरासरी दीड तोळ्याची आणि सवलत त्रेचाळीस तोळ्यांची, या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत या देशातल्या कितीतरी बायका आहेत, आणि कितीतरी दीडच्याही खाली.

माझ्या आईची बोरमाळ होती. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात, आकार टिकावा म्हणून त्यांत लाख भरतात. त्यामुळे ती भरघोस दिसते आणि सोनं त्या मानाने कमी लागतं. गरिबाच्या घरात दागिना शोभावा म्हणून सोनारांनी काढलेली ही युक्ती मला मोठ्या मायेची वाटते. आईच्या माहेरी ती दोन तोळ्यांची म्हणून घातली होती.

मी सातवीत असताना वडिलांनी विहीर काढायला घेतली. पस्तीस फुटांवर काळा पाषाण लागला, सुरुंगाचे पैसे संपले. आईने बोरमाळ काढून दिली. ती ज्याच्याकडे ठेवली त्याने काट्यावर टाकून 'लाखेचं वजन वजा' म्हणून अंदाजानेच पाऊण तोळा कमी धरला. व्याज महिन्याला चढत गेलं. विहिरीला पाणी लागलं, दोन वर्षं ऊस झाला, तिसऱ्या वर्षी पाणी खाली गेलं. बोरमाळ सुटली नाही. त्या दिवसानंतर आईच्या गळ्यात डोरलं आणि काळे मणी एवढंच राहिलं. तिने एकदाही त्याबद्दल वडिलांना बोल लावला नाही. फक्त लग्नाकार्याला निघताना आरशासमोर उभी राहिली की तिचा हात सवयीने गळ्याशी जायचा आणि पदर सारखा करून खाली यायचा.

कोइमतूरच्या त्या खोलीत, मुशीकडे बघताना, मी मामांना विचारलं, "मामा, तुमच्याकडं बोरमाळा यायच्या का मोडीत?"

"लई. लाख जळायचा वास सुटायचा, त्यावरनंच कळायचं बोरमाळ हाय म्हणून."

"कुणाच्या असतील असं मनात यायचं का?"

ते बराच वेळ गप्प राहिले. आपल्या बहिणीच्या बोरमाळेचं मी बोलते आहे हे त्यांना कळलं होतं. "रस झाल्यावर ओळखू येत न्हाई," ते म्हणाले. "आन्‌ ओळखू येत न्हाई तेच बरं हाय. न्हाईतर हात चालला नसता."

सोनं नष्ट होत नाही याचा हा अर्थ मला तोवर उमगला नव्हता. आईची बोरमाळ कुठेही गेलेली नाही. ती त्या ९७,१४९ टनांत आहे, नाहीतर ४८,६३४ टनांत. तिचा कुठे हार झाला असेल, कुठे कुणाच्या लॉकरमधली लगड. मामांच्या दुकानातली केरसुणीसुद्धा वर्षाअखेर जाळून तिच्या राखेतलं सोनं काढतात. सोनारांच्या दुकानापुढची धूळ आणि गटारातला गाळ झारेकरी पैसे मोजून विकत घेतात, धुतात, आणि त्यातून गुंजभर निघालं तरी त्यांचा दिवस भरतो. एवढ्या काटेकोरपणे माणसं सोनं राखत आली आहेत. हरवते ती बाई, जिच्या गळ्यातून ते निघालं.

दसऱ्याला आपण आपट्याची पानं देतो तेव्हा कौत्साची गोष्ट आठवावी. गुरुदक्षिणेसाठी त्याला चौदा कोटी मोहरा हव्या होत्या. कुबेराने झाडाखाली ढीग पाडला. कौत्साने मोजून चौदा कोटी घेतल्या, रघुराजाने उरलेल्या परत घेतल्या नाहीत, आणि मग त्या लोकांना लुटायला दिल्या. सोन्याच्या मला माहीत असलेल्या गोष्टींपैकी ही एकच अशी आहे, जिच्यात ते सगळ्यांना मिळतं.

कोइमतूरहून परतले ती तडक गावी गेले. आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. वय चौऱ्याऐंशी, शाळा दुसरीपर्यंत. तिला ग्रॅम सांगण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "आई, जगातलं सगळं सोनं सगळ्यांना सारखं वाटलं तर एकेकाला दोन तोळे, तीन मासे, दोन गुंजा येतात."

"बाप्यांना बी?"

"बाप्यांना बी."

"पाळण्यातल्या पोराला?"

"त्याला बी तेवढंच."

तिने हातातली पाकळी खाली ठेवली. घरात ती, दादा, वहिनी, दोन भाचे, धाकट्या भाच्याची बायको आणि तिचं तान्हं, अशी सात माणसं. तिची बोटं पेरांवरून फिरू लागली. साती दुणे चौदा तोळे, साती त्रिक एकवीस मासे, साती दुणे चौदा गुंजा. मग गुंजांचे मासे, माशांचे तोळे. "पंधरा तोळे, धा मासे, सा गुंजा," ती म्हणाली.

मग ती उठली, आत गेली आणि कपाटातला पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात जुन्या लुगड्याच्या कापडाची पुरचुंडी होती. ती तिने माझ्यासमोर सोडली. बाळाच्या बारशाला आलेली एक अंगठी, नखाएवढी. तिच्या स्वतःच्या कुड्या, आता कानाची भोकं ओघळली म्हणून काढून ठेवलेल्या. भाच्याच्या साखरपुड्याची अंगठी. गळ्यातलं डोरलं तिने बोटाने वर उचलून दाखवलं. वहिनीचं मंगळसूत्र आणि तिच्या सुनेचं, दोन्ही स्वयंपाकघरात त्यांच्या अंगावर. सगळं तिने मनातल्या मनात तोललं, ओठ हलत होते.

"थोरल्या सुनंच्या पाटल्या हायत्या," ती म्हणाली, "पण त्या पतसंस्थेत तारण हायत्या, ठिबकच्या पायपासाठी. त्या धरायच्या का गं?"

"धरायच्या," मी म्हटलं.